त्याला नाही म्हणणे

फ्रिजवर चिठ्ठी आहे.
अक्षर माझंच, 'ह'ची शेपटी लांबवलेली,
बॅच रजिस्टरमध्ये लिहायचे तशी.
'त्याला नाही म्हणणे.'
खाली दोनदा रेघ.
कोणाला, ते लिहिलेलं नाही.
लिहिताना वाटलं असेल,
एवढं का कुणी विसरतं.

वागळे इस्टेटमध्ये सव्वीस वर्षं
मी गोळ्यांच्या पट्ट्या तपासल्या.
दिव्याखालून चंदेरी रांग सरकायची,
एखादं घर रिकामं दिसलं
की बोटं आपोआप पुढे, पट्टी बाजूला.
हात डोक्याला विचारत नसत.
आता पट्टीवर स्केचपेनने वार लिहिलेत
आणि मी रोज रिकामं घर शोधते.
मंगळवारचं रिकामं असेल
तर मंगळवार होऊन गेला,
मला न सांगता का होईना.

वर्तकनगरची आमची जुनी इमारत पाडली,
तिथेच बावीस मजले उभे राहिले.
मी चौदाव्यावर राहते,
पण पाय अजून दुसऱ्या मजल्याचे आहेत.
लिफ्टमध्ये बोट दोनवर जातं,
माझी किल्ली परक्या कुलपात फिरत नाही,
आतून बोरसे दार उघडतात,
"गुप्तेकाकू, वर."
त्यांच्या आवाजात राग नसतो
याचाच राग येतो.

रात्री आठला बडोद्याहून भाचीचा फोन.
"ओळख बरं, कोण बोलतंय?"
मी म्हणते, वीज मंडळ.
ती खूप हसते. मावशी अजून तशीच आहे म्हणते.
काही वेळा ती खरंच गंमत असते.

तर चिठ्ठी.
आठ दिवस मी सगळ्यांना नाही म्हटलं.
केबलवाल्याला. गॅसची नळी बदलायला आलेल्याला.
पोळीवालीच्या मुलाला,
तो नुसता डबा द्यायला आला होता,
त्या रात्री दूधपोहे खाल्ले.
भाजीवाला म्हणाला, कोथिंबीर टाकू, अशीच?
नाही म्हटलं.
तो बघतच राहिला.
फुकटच्या कोथिंबिरीला नाही म्हणणारी
वर्तकनगरात मी पहिलीच असेन.

गुरुवारी
(पट्टीवरचा गुरुवार भरलेला होता, म्हणजे सकाळच)
एक जण आला. पेढ्यांचा बॉक्स, वाकून नमस्कार.
"ओळखलंत ना? मी नंदन.
मागे सगळं बोलणं झालंय आपलं."
माझ्या खुर्चीत बसला. पाणी मागितलं.
फाईल उघडली, पानोपानी पेन्सिलीच्या फुल्या,
जिथे जिथे सही हवी तिथे.
"तुम्ही हो म्हणाला होतात काकू. आठवतंय ना?"

या प्रश्नाची मला सवय आहे.
आठवत नसलं तरी हो म्हणायचं असतं,
म्हणजे समोरच्याचा चेहरा पडत नाही.
ते हो ओठांपर्यंत आलंही होतं,
पण पाण्यासाठी फ्रिजपाशी गेले.

दोनदा रेघ.

"नाही," म्हटलं.
"नाही म्हणजे, आठवत नाही?"
"नाही."
"मग सही..."
"नाही."

गेला. पेढे विसरला.
(म्हणजे तोसुद्धा विसरतो.)
ते बोरशांच्या नातवंडांना दिले.

तो हाच होता का, मला माहीत नाही.
नसेल तर भल्या माणसाला
माझ्या दारातून तहानलेला पाठवला.
पण ती जी कोण होती,
पेन दाबून रेघ मारणारी,
तिला काहीतरी कळलेलं होतं,
आणि मी तिच्या शब्दाबाहेर गेले नाही.
इतका विश्वास
मी आयुष्यात कुणावर टाकलेला
निदान आठवत तरी नाही.

संध्याकाळी चिठ्ठीखाली लिहिलं,
'म्हटलं.'
मग थोडा वेळ पेन तसंच धरून उभी राहिले
आणि त्याखाली, शेपटी लांबवून,
'कोथिंबिरीला हो.'