उगमाचा दाखला

फेलिक्स्टो. सन नव्याण्णव, फेब्रुवारी.
मासळी-चिप्सच्या दुकानावर आमचं ऑफिस,
फायलींनासुद्धा तळणीचा वास.
खिडकीतून क्रेन दिसतात, माना वाकवून
उत्तर समुद्रात काहीतरी हरवल्यासारख्या.

माझं काम साधं : कुठला माल कुठला, ते लिहायचं.
तसं ते गावाकडे सगळ्यांनाच येतं.
कुणाची तू, कुठली तू, आडनाव काय,
तीन प्रश्नांत माणूस फडताळात.
इथेही प्रश्न तेवढेच. फक्त फॉर्म हिरवा.

आजचा कंटेनर मासेरूचा.
बेचाळीसशे शर्ट, पुरुषी, निळी रेघ,
लेसोथोत शिवलेले.
नकाशावर बोट फिरवून शोधावा लागला हा देश :
दक्षिण आफ्रिकेच्या अंगरख्याला एक काज,
चारी बाजूंना एकच शेजारी.

नियम असा की सूत कुठलंही चालेल,
कापड मात्र घरी विणलेलं हवं,
नाहीतर शेजारपाजारी.
शेजारी कोण, त्याची यादी ब्रसेल्सहून येते.
तीत मॉरिशस आहे, फिजी आहे, जमैका आहे,
हाक मारली तर आठवड्याने ऐकू जाईल असे शेजारी.
हिंदुस्थान नाही.
मालक एकच होता आमचा, तरी याद्या वेगळ्या.

फॅक्स सरकत सरकत बाहेर आला.
कापड कुठलं, या रकान्यात
तिघांनी तीन तऱ्हांनी चुकवलेलं एक स्पेलिंग.
मी मोठ्याने वाचलं, तेव्हा कुठे जुळलं :
इचलकरंजी.

मग कानात माग. खटक्-खट, खटक्-खट,
बाबांच्या भुवयांवर पाळी संपल्यावरची तूस.

म्हणजे माझ्या गावानं
लिनेओ रामाखुलाचा शर्ट परका केला.
नुसतं सूत धाडलं असतं, तर तो तिचा.
जास्तीचे कष्ट केले, विणून धाडलं,
तर शेकडा बारा जकात.

फोनवर तिचा आवाज खरखरत येतो :
कापलं आम्ही, शिवलं आम्ही, काजंही आम्हीच केली,
दीडशे बायका आहोत इथे.
मग कुठला आहे तो, बाई?

आई विरजण हुपरीकर काकूंकडून आणायची.
दूध गवळ्याचं, विरजण शेजारचं,
पातेलं बाबांच्या बोनसचं.
दही कुणाचं, असं कुणी विचारलं असतं
तर तिनं वाटीच पुढे केली असती.

हे सांगणार होते मी कीथ गॅरडला.
पण मग आठवलं, बाबांनीच एकदा
जकातनाक्यावर सुरतेचे ट्रक अडवले होते,
बाहेरचं कापड आत येता कामा नये म्हणून,
आणि मी, नऊ वर्षांची, घोषणा देत होते
हाताला बाबांच्या सायकलचं ग्रीस लागलेलं.

कीथ घड्याळ बघतो.
त्याची बायको कोल्चेस्टरला कोट शिवायची,
कारखान्याला कुलूप लागून चार वर्षं झाली.
तो कुणाच्याच बाजूचा नाही.
‘मिसेस कुरुंदवाडे, चारच्या आत.’

मी रकान्यात ‘नाही’ लिहिलं.
अक्षर चांगलं आलं, शाळेतल्यासारखं.

संध्याकाळी मासेरूहून एक ओळ, हाताने लिहिलेली :
कळलं. पण ते गाव कुठे आहे?
तिथे समुद्र आहे का?

नाही, मी लिहिलं. तुमच्यासारखंच.
नदी आहे एक, रंगाऱ्यांच्या पाण्यानं
कधी जांभळी, कधी

इथे यंत्रात कागद अडकला.
खालून कुणीतरी व्हिनेगर मागत होतं.
क्रेननं एक डबा उचलला,
अधांतरी धरला थोडा वेळ,
कुठे ठेवायचा ते ठरलं नसल्यासारखा.