कुसळ

धुळ्याला चौथ्या गल्लीत आमचा छापखाना.
लग्नपत्रिका, जिनिंगच्या पावत्या,
कधी तमाशाचं तांबडं हस्तपत्रक.
तिथे मंजुळाबाई शिरोडे आल्या
कागदांची चळत घेऊन. विषय: गवत.
शेठ हसला. हे गुरं वाचणार का?
बाई म्हणाल्या, गुरांना पाठ आहे ते.

मी खिळे जुळवायचो.
मराठी चौथीही धड नाही,
पण उलटं अक्षर सुलटं वाचायचो.
तुष, पुष्पक, पुष्पविन्यास.
खणातले ष संपायचे.
मग एक फर्मा छापून, सोडवून, पुढचा.
बाई थांबत. बाकावर बसून
इंग्रजी पुस्तकातलं पुढचं पान मराठीत आणत,
ओठ हलवत,
नव्या सुनेला कुठलं नाव शोभेल
ते पुटपुटून बघावं तसं.

एका गॅलीत शब्द आला, शूक.
म्हणजे काय हो, मी विचारलं.
लळिंगच्या डोंगरावरून आणलेली
एक काडी त्यांनी पुढे धरली.
मी म्हणालो,
"हाई ते कुसय शे, बाई. धोतरले चिकटस."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.
मग तांबडी पेन्सिल काढली.
एक्क्याऐंशी ठिकाणी शूक खोडून कुसळ.
मी मनात शिव्या दिल्या. एक्क्याऐंशी!
त्यांनाही ते कळलं असावं.
जुळणीच्या दगडावर ती काडी ठेवली,
माझ्या तांब्यातला एक थेंब टाकला.
कुसळ हललं.
सावकाश पीळ सोडत फिरू लागलं
घड्याळाच्या काट्यासारखं.
"ओल लागली की असं वळतं,
बी भुईत नेतं.
पेरणारा लागत नाही."

तीनशे प्रती. वर नाव, मं. ना. शिरोडे.
नागपूरहून पत्र आलं:
रा. रा. शिरोडे यांस,
आपल्यासारख्या विद्वान गृहस्थाने...
बाई डोळ्यांना पदर लावून हसल्या,
आणि उत्तराच्या पाकिटात
नुसती एक काडी घातली.
तिकीट मीच चिकटवलं.

दीडशे प्रती शेठच्या माळ्यावर
वाळवीनं वाचल्या.
बाई पुढे कुठे गेल्या, कुणी म्हणे तळोद्याला,
सातपुड्यात शाळा काढली. कुणी म्हणे नाही.

परवा नातवानं खिळे वजनावर विकले.
एक मी आधीच खिशात टाकला होता.
ळ.
आमच्या बोलीत तो नाही.
मी अजून कुसयच म्हणतो.