चौथा कान

उद्यमनगरात आमच्या लेथवर
पंपाचे शाफ्ट होतात, गुऱ्हाळाच्या चरकाच्या लाटा,
कधी एखाद्या बुलेटचं बुश.
लाकूड या चकमध्ये कधी धरलं नव्हतं.

एस्तेरबाई चोपडे ब्रह्मपुरीवरनं चालत आलती,
काखेत काळी पेटी.
"चार कान हाईत हिला," म्हटली,
"तीन ऐकतात. चौथा सुटतोय.
खडू लावला, साबण लावला,
तरी रविवारी दुसऱ्या गीतालाच तार ढिली."

खुंटी हातात घेतली. शिसवी,
भुईमुगाच्या शेंगेहून थोडी लांब.
चपट्या डोक्यावर दोन्हीकडं खळगा.
"हा अप्पांचा अंगठा," म्हटली,
"आणि पलीकडं त्यांचं बोट."
मायक्रोमीटर लावला. जाड टोक, बारीक टोक,
मधला उतार वहीत मांडला.
खळग्याचं माप घेतलं नाही.

तीस वर्षं एवढंच शिकलोय:
फिरायचं ते फिरावं, त्याला ग्रीस;
धरायचं ते धरावं, त्याला पाना.
आणि ही दीड बोटाची वस्तू म्हणते
फिरेन पण,
आणि सोडशील तिथं थांबेन पण.

जुन्या पलंगाचा पाय कापला.
पहिली खुंटी आरशागत गुळगुळीत केली;
तार ओढली, तशी गर्रकन उलटी फिरली.
एस्तेरबाई हसली.
दुसरी खरबरीत ठेवली, ती अडून बसली,
मग एकदम सूर ओलांडून पुढं.
शेजारी पॉवर प्रेस धाडधाड.
दोन ठोक्यांच्या फटीत कान घालून
बाई तार छेडत होती.

तिसरी अर्धी झाली आणि लाईट गेली.

प्रेस थांबला. भट्टीचा पंखा थांबला.
कुठंतरी कोण शिंकलं, तेसुद्धा ऐकू आलं.
उंबऱ्यात उजेडाला बसून
कानशीनं घासली, तळहातावर फिरवून बघितली.
"नुसती पिळू नगंस," बाई म्हटली,
"आत दाबत पीळ."
दाबत पिळली.
तार वर चढत गेली, चढत गेली,
आणि एका जागी
बाईनं माझा हात धरला.

बिल काय करायचं कळंना.
वहीत लिहिलं: शाफ्ट, लहान, नग १.

जुनी खुंटी ती न्यायची विसरली,
का ठेवून गेली, विचारलं नाही.
ड्रॉवरात हाय, ड्रिल बिटांच्या डब्यात.
जेवणाच्या सुट्टीत कधी काढतो,
खळग्यात अंगठा ठेवून बघतो.
बसत नाही.
अप्पांचा अंगठा
माझ्याहून बारीक होता.