पंक्तिप्रपंच

टेबल आठ जणांचं, माणसं तेरा.
तळघरातून जादाची फळी आणली.
तिचा रंग जुळत नाही,
वर चादर टाकली की कुणाला कळतंय, असं विश्राम म्हणतो
दर थँक्सगिव्हिंगच्या सकाळी.

रॉचेस्टरवर सरोवराकडून बर्फाचा पट्टा आला होता,
तरी सगळे वेळेवर.
वन्सं सिराक्यूजहून भरीत घेऊन आल्या
आणि एक अट घेऊन:
टर्कीपासून निदान चार खुर्च्या लांब.
चार खुर्च्या लांब म्हणजे बाथरूमचं दार.
तेही नको.

उदयनभावजी डायानला घेऊन आले.
शलाकाला मी बोलावलं होतं.
मुलांची आई ती, आणि घटस्फोट
त्यांचा झालाय, माझा नाही.

"तिला कुठे बसवणार?"
सासूबाई कुजबुजल्या.
"डायानच्या समोर नको, शेजारी तर नकोच.
तिरकी?"
तिरकी बसवली तर तात्यांच्या डाव्या हाताला येते,
आणि तात्यांना ऐकू येतं ते डाव्याच कानाने.

तात्यांची खुर्ची टोकाची, मानाची.
दुसरं टोक भिंतीला लागलेलं.
त्या खुर्चीबद्दल आमच्याकडे बोलायची पद्धत नाही,
पण यंदा डायानचे वडील आले होते,
तात्यांहून दोन वर्षांनी थोरले.
सासूबाई म्हणाल्या, व्याही ते व्याही, मान त्यांचा.
वन्सं म्हणाल्या, लग्न कुठे झालंय अजून?
हे सगळं मराठीतून.
म्हातारा हसून दोघींना मान डोलावत होता.
तात्या काहीच बोलले नाहीत.
खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले,
बस सुटेल म्हणून दांडा धरावा तसे.

निनाद चौतीस वर्षांचा.
त्याची रवानगी अजून पत्त्यांच्या घडीच्या टेबलावर,
पोरांत. गुडघे हनुवटीला.
"लग्न कर, मग मोठ्यांत ये," वन्सं हसल्या.
तो हसला नाही. त्याने एका पोराचा
ज्यूस सांडला, मुद्दाम की काय कोण जाणे.

मृण्मयीने नावांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या,
रविवारच्या शाळेतल्या मराठीत.
स्वतःच्या नावातली जोडाक्षरं तिला अजून जमत नाहीत,
म्हणून आपल्या चिठ्ठीवर ती नुसतं 'मी' लिहिते.

त्या चिठ्ठ्या फिरू लागल्या.
मी मीठ आणायला गेले तोवर शलाका खिडकीपाशी,
ओव्हन बघून आले तर पोरांत.
वन्संच्या जागी 'मी'.
तात्यांच्या ताटाशी दोन चिठ्ठ्या, एकीवर एक.
विश्राम म्हणाला, गेल्या वर्षीसारखंच बसूया ना.
गेल्या वर्षीही तो हेच म्हणाला होता.

मग डायानच्या वडिलांनी,
ज्यांना यातलं अक्षर कळलं नव्हतं,
ओट्यावरची एक थाळी उचलली
आणि फ्रिजला टेकून जेवायला लागले.
भरीत वाढून घेतलं. पुन्हा घेतलं.
वन्सं पोळी घेऊन धावल्या, आग्रह सुरू.
निनाद उठला. शलाका सिंकपाशी,
डायान तिच्या कोपराला कोपर लागेल एवढ्यावर,
दुसरीकडे जागाच नव्हती.
उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही,
हे आम्हाला जन्मभर ऐकवणारे तात्या
शेवटी आले. ताट हातात. उभे.

सकाळी टेबल मांडलेलं तसंच,
नॅपकिनच्या घड्याही मोडलेल्या नाहीत.
गार टर्की आणि लिंबाचं लोणचं घेऊन
मी तात्यांच्या खुर्चीत बसले,
घरात कुणी उठलं नव्हतं म्हणून.

ती डुगडुगली नाही.
मागचा पाय आखूड आहे तिचा, मला माहीत आहे,
विकत घेतली तेव्हापासून.
वाकून बघितलं.
पायाखाली चार घड्या घातलेली चिठ्ठी,
दोन वर्षांपूर्वीची. शलाका.
श उलटा काढलेला.

कुणी सारली, विचारणार नाही.
काढून पाहिली, खुर्ची कलली.
त्याच घड्यांवर पुन्हा दुमडून
होती तिथे सारली,
आणि जेवून घेतलं.