उतार

यादविगाची गोल्फ सकाळी सुरू होत नव्हती.
एकदा झाली की दिवसभर तक्रार नाही,
प्लुंगेच्या बाजारात बीट विकून परत.
पण मध्ये रात्र पडली की संपलं.
स्टार्टर दळण दळतो, दळतो,
पीठ काही पडत नाही.

माझ्याकडे आली तोवर चौघांचे हात लागले होते.
ग्लो प्लग नवे. बॅटरी नवी. फिल्टर नवा.
पुतण्या एर्विनस म्हणाला, भंगारात दे,
चौतीस वर्षांच्या डिझेल गाडीला कोण औषध देतं.
ती गप्प राहिली, असं तो सांगतो.
मला खरं वाटत नाही.

मी काहीच बदललं नाही.
पंपात शिरणारी काळी नळी काढून
वीतभर पारदर्शक नळी लावली,
सलाइनला असते तसली,
आणि म्हटलं, आज गाडी इथेच राहू दे.

सकाळी सहाला टॉर्च घेऊन गेलो.
बॉनेटवर बर्चची पानं गोठून चिकटलेली.
नळी रिकामी.
संध्याकाळी मधासारखं भरलेलं डिझेल
रात्रीतून मुकाट्याने मागे, टाकीत, निघून गेलेलं.
स्टार्टर मारला तसे बुडबुडे आले
शाळा सुटल्यासारखे.

पंपाला बाहेरून एक थेंब नाही, हीच त्याची लबाडी.
तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

‘कधीपासून असं?’
‘मार्चपासून.’
‘मार्चमध्ये काय झालं?’
‘स्टास्यस गेला.’
‘मी गाडीचं विचारतोय.’
‘गाडीचंच सांगतेय. तो गेला आणि मी ती अंगणात लावायला लागले.’

त्याआधी ती बटाट्याच्या तळघराजवळ असायची,
उतारावर, तोंड खाली करून.
अकरा वर्षं. पाऊस असो, बर्फ असो.
पिशव्या घेऊन ही चिखलातून वर चढायची.
दोनदा पडली. एकदा मनगट मोडलं.
विचारलं तर म्हणायचा,
गाडीला तिथे बरं वाटतं.

मी पाना खाली ठेवला.
टाकी मागे, पंप पुढे.
तोंड उताराला म्हणजे टाकी वर,
डिझेलला परत जायचं तर चढ.
म्हाताऱ्याला तेव्हाच सापडलं होतं!
दुखणं सापडलं, आणि त्याने
औषध सोडून उशी दिली.

तिला समजावलं.
‘आणि औषध केवढ्याचं?’
‘रबराच्या दोन रिंगा, झाकणाचं पॅकिंग. बावीस युरो.’
ती बराच वेळ पंपाकडे बघत राहिली.
‘बेडूक,’ म्हणाली.
आमच्याकडे ही शिवी आहे.

टायमिंगच्या खुणा करून पंप उतरवला,
बायकोची जुनी पांढरी चादर टेबलावर अंथरली.
डोकं काढताना पंप उभाच धरायचा,
आडवा झाला की शिम घसरते
आणि मग गुडघ्यांवर बसून फरशी चाचपा.
जुनी रिंग नखासारखी कडक झालेली,
वाकवली तर चीर पडली.
ती कोटाच्या खिशात टाकत यादविगा म्हणाली,
‘परवा मृतांचा दिवस. मेणबत्त्या नेणारच आहे,
हीही दाखवते त्याला.’

नवी बसवली. पट्टा, खुणा, डायल गेज,
काटा शून्य पॉइंट नव्वदवर येईपर्यंत
पंप केसभर इकडे, केसभर तिकडे.
चारही नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारला,
आधी फुसफुस, मग थेंब, मग चिळकांडी.
नट आवळले. एक खोकला,
गॅरेजभर निळसर धूर,
आणि ती तिच्या कर्कश, जुन्या आवाजात बोलायला लागली.

कब्रस्तानात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

तीन तारखेला दुधासाठी त्या बाजूने गेलो
तर गाडी अंगणात नव्हती.
तळघराजवळ, त्याच उतारावर होती,
पण उलटी फिरवलेली,
चांगली तोंड वर करून.
काचेवर रात्रभराचं बर्फ.

यादविगा हातमोजे घालत बाहेर आली,
मला पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं,
आत बसली, किल्ली फिरवली.

अर्धा फेरा पुरला.