दोन शकलांचा शिपाई

पालेर्मोत, बालारोच्या बाजारामागे
आमचं बाहुल्यांचं थिएटर. बाकं सहा, पडदा एक.
बाबा वरच्या फळीवरून सरदार लढवतात,
मी विंगेत, पायांत खडावा घालून
लढाईचा आवाज करते.
हाताने पत्रा हलवायचा, टाचेने फळी बडवायची,
आधी सावकाश, मग दुप्पट, मग
एकदम थांबायचं.
त्या थांबण्यात माणूस मरतो.

सरदारांना नावं आहेत, घराणी आहेत,
ढालींवर गरुड, सिंह, काय काय.
मरणाऱ्याला नाव नाही.
आम्ही त्याला फुटका म्हणतो.
कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर,
आत बिजागरी, कानामागून दोरा.
ओढला की डोकं कलिंगडासारखं उघडतं
आणि टाळ्या.
शुक्रवारी तो या बाजूचा, शनिवारी त्या,
नुसता अंगरखा बदलायचा.
आजोबांनी त्याला भुवया काढल्याच नव्हत्या.
दुसऱ्या अंकात जाणाऱ्यावर
कशाला रंग वाया घालवा.

ऑगस्टातल्या एका दुपारी
पुदिना विकणाऱ्या पोराला दोघांनी मारलं.
टोपली ठेवायच्या जागेवरून. हातभर जागा.
मी खिडकीत होते, ब्रश हातात.
खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की
चुकतंय यांचं.
ताल नाही.
एक फटका, मग बराच वेळ काहीच नाही,
एकाची चप्पल निसटली, ती शोधणं,
शिवी, परत फटका,
ओल्या पोत्यावर पडावा तसा.
पत्र्यासारखं काहीही वाजलं नाही.
आणि थांबलं तेव्हा
थांबलंय हेही कळलं नाही.

पोलिसाने विचारलं, कसे दिसत होते?
मी चेहरे रंगवते, सतरा वर्षं.
गरुडवाल्या सरदाराच्या मिशीचा केस न् केस मला पाठ.
एकाच्या शर्टावर लिंबं होती,
एवढंच सांगता आलं.
आणि ज्याला मारलं तो?
तो पुदिनावाला, मी म्हटलं.
त्याने तसंच लिहून घेतलं.
चार वर्षं मी त्याच्याकडून जुडी घेत होते.

नाव क्रोचिफिस्सामावशीला ठाऊक होतं.
चण्याच्या पिठाचे काप तळता तळता, वर न बघता म्हणाली,
एब्रिमा. गांबियाचा. त्याला काप जास्त मीठ घालून लागतात.

तो परत आला तेव्हा
डाव्या भुवईत सात टाके.
मी त्याला तिकीट दिलं, फुकट,
आणि देताना माझीच मला लाज वाटली,
जणू काही हिशेब मिटवत होते.
त्यात खेळ तोच, डोकं फुटण्याचा.
बाबांना म्हटलं, आज दुसरा लावू या.
बाबा तलवारीचा गंज घासत राहिले.

मी खडावा हळू आपटल्या. तरी व्हायचं ते झालं.
आवाज थांबला, दोरा ओढला,
डोकं उघडलं,
आणि एब्रिमा हसला.
इतका मोठ्याने की पुढची म्हातारी वळून बघू लागली.
मांडीवर थाप मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
मी काय धरून बसले होते, कोण जाणे.

खेळ संपल्यावर तो सरळ मागे आला.
दाखव, म्हणाला.
फुटक्याला मांडीवर घेतलं, दोरा शोधला.
उघडलं. मिटलं.
परत उघडलं, आत फुंकर मारली,
बिजागरीतला लाकडाचा भुसा उडाला.
हा उद्या पुन्हा मरणार?
हो. दोनदा. रविवार आहे.
मग तेल घाल ना, करकरतोय.

मी तेलाची कुपी आणायला उठले.
वळून पाहिलं तर तो
दोन्ही शकलं तळव्यांत धरून
अंगठ्याने चीर दाबत बसला होता.
डावी बाजू थोडी वर राहते, कायमची,
ते त्याला सांगायचं राहून गेलं.