तिसरी साक्ष

निघोळा. पुल्लिंगी. अनेकवचन निघोळे.
"येतो" म्हणून झाल्यावर
एक पाय चपलेत, एक अजून फरशीवर ठेवून
दारातच चालू राहिलेलं बोलणं.
कार्ड सुलतानपुऱ्याच्या श्रीरंग धायबरांचं,
अक्षर सुबक, शाई हिरवी,
खाली कोशाच्या संपादकांचा शेरा:
तीन साक्षी हव्यात. तीन घरं, सोयरीक नसलेली.
नाहीतर शब्द परत.

परत म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.
छत्तीस वर्षं विद्यापीठाच्या हिशेबखात्यात
व्हाउचरला पावती जोडल्याशिवाय
पै सोडली नाही. शब्दाला वेगळा न्याय कशाला?

मग फिरले. उत्तरायण होऊन गेलेलं,
तारांवर मांजा, झाडांत फाटके पतंग.
थेट विचारायचं नाही, हा नियम.
पाहुणे निघता निघत नाहीत, त्याला तुमच्यात काय म्हणतात?
दांडिया बाजारात म्हणाले, चिकटपणा.
बाजवाड्यात म्हणाले, आमच्याकडे येतंय कोण.
वाडीतल्या कुमुदिनी गुप्त्यांना ऐकू कमी,
त्यांना शेवटी शब्दच सांगावा लागला, ओरडून, तीनदा.
"अगं हो, निघोळा! आईचा होता ना,
पितळेचा, लांब दांड्याचा,
कढी ढवळायला."
इतक्या आनंदानं म्हणाल्या
की मी तेही लिहून घेतलं.
घरी येऊन खोडलं.

जगदाळे मास्तरांकडे न विचारता मिळाला.
ते जिन्यात, मी दोन पायऱ्या खाली,
आतून बाईंचा आवाज:
अहो, निघोळा पुरे, आमटी उतू जातेय.
काटा आला अंगावर.
तारीख लिहिली, वेळ लिहिली, वाक्य जसंच्या तसं.
चार दिवसांनी कळलं,
बाई माहेरच्या धायबर.
एक साक्ष वजा.

दुसरी सापडली कागदावर,
एका वैद्यांच्या जुन्या रोजखर्ड्यात, वाळवीनं सोडलेल्या पानावर:
रोगी बरा, नातलगांचा निघोळा भारी.
कागद चालतो, संपादकांनी कळवलं.

तिसरीसाठी फाल्गुन उजाडला.
रावपुऱ्यात इस्माईलभाईंकडे घड्याळाचा पट्टा बदलला,
पैसे दिले, आणि उभीच.
त्यांच्या नातीचं लग्न, माझा गुडघा, शेव-उसळीचा भाव.
डोळ्यावरचं भिंग काढून ते म्हणाले,
"ताई, निघोळा आवरा आता, दुकान वाढवायचंय."

दुकान वाढवायचं म्हणजे बंद करायचं.
येतो म्हणजे जातो.
आवजो म्हणजेही, जा.
या गावात सरळ निघणारा माणूस
मी तरी पाहिलेला नाही.

पिशवीत कार्ड सापडेना, मग सापडलं.
कुठला हा शब्द तुमचा? घरात कोण बोलायचं? आई?
"तुम्हीच की," ते म्हणाले,
"मागल्या मंगळवारी सेल टाकायला आलात
तेव्हा चष्मेवाल्याला विचारत होतात.
मला आवडला. आता घरी सगळे म्हणतो.
मी उशिरा पोचलो की बायको पहिलं तेच म्हणते."

साक्षीदार मीच घडवलेला.
हिशेबखात्यात याला खोटी पावती म्हणतात
आणि चौकशी लागते.

रकाने ठरलेले: बोलणारा, वय, मातृभाषा.
इस्माईल घडियाळी. एकाहत्तर. गुजराथी.
चौथा: कोणाकडून ऐकला.
पेन्सिल टेकवली. उचलली.
पाचवा: प्रचारात आहे का?
आहे.
केव्हापासून?
मंगळवारपासून, असं लिहिलं,
आणि ते खोडवेना.

त्यांनी शटर अर्धं ओढलं,
खालून वाकून म्हणाले, "नाव लिहा की तुमचं."
मग उरलेलं अर्धं ओढायचं राहिलं,
अब्बांच्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट निघाली,
ज्याचं घड्याळ अजून खणात आहे,
चालू,
आणि मी पायरीवर, चौथा रकाना कोरा,
"येते" कधीचीच म्हणून झालेली.